खांबावरचा सिमियोन: माणसांपासून पळाला आणि गर्दीच्या मधोमध सापडला

पांथस्थ

मागे रोमन साम्राज्याच्या धाग्यावर कुणीतरी "तो खांबावर राहणारा वेडा साधू" एवढं लिहून पुढे निघून गेलं होतं. तिथे लिहिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा.

त्या साधूचं नाव सिमियोन स्टायलाइट, म्हणजे स्तंभवासी. जन्म इ.स. ३९०च्या आसपास, सिरिया आणि किलिकिया (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण भाग) यांच्या सीमेवरच्या एका खेड्यात, मेंढपाळाच्या घरी. एकदा हिमवर्षावामुळे मेंढरं बाहेर काढता येईनात, तेव्हा पोरगा आईवडिलांबरोबर चर्चमध्ये गेला आणि तिथे त्याच्या कानावर "जे शोक करतात ते धन्य, जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" ही वचनं पडली. हे मिळवायचं कसं, असं त्याने जवळच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, संन्यास घे. पोराने घेतला.

हे आपल्याला कळतं ते किर्रोसचा बिशप थिओडोरेट याच्यामुळे. सिरियातल्या तपस्व्यांची चरित्रं त्याने इ.स. ४४०च्या सुमारास लिहिली. तेव्हा सिमियोन जिवंत होता, खांबावर होता, आणि थिओडोरेट त्याला प्रत्यक्ष भेटलेला होता. संतचरित्रात अशी सोय सहसा मिळत नाही. याशिवाय सिरियाक या तिथल्या भाषेतलं एक चरित्र आहे, त्याचं एक हस्तलिखित ४७३ सालचं, म्हणजे सिमियोनच्या मृत्यूनंतर अवघ्या चौदा वर्षांचं. अंतोनियस नावाच्या शिष्याच्या नावावरचं तिसरं चरित्र आहे, त्यात चमत्कारांचा मसाला जरा सढळ हाताने पडलाय.

तेलेदाच्या मठात तो दहा वर्षं राहिला. बाकीचे दिवसाआड जेवायचे, हा आठवड्यातून एकदा. मग त्याने खजुराच्या पात्यांचा खरखरीत दोर उघड्या अंगावर, कमरेभोवती आवळून बांधला. कुणाला सांगितलं नाही. कपड्यांतून रक्त ठिबकायला लागलं तेव्हा मठात कळलं. दोर मांसात रुतलेला, सोडवताना हाल झाले, आणि औषध लावून घ्यायला पठ्ठ्या तयार नाही! शेवटी मठाने त्याला निघून जायला सांगितलं. कारण मला फार शहाणपणाचं वाटतं: याचं बघून कमी ताकदीचे लोक असलंच काहीतरी करायला जातील आणि मरतील. तो गेला आणि एका कोरड्या विहिरीत उतरून बसला. पाच दिवसांनी मठवाल्यांना पश्चात्ताप झाला, शोधायला माणसं पाठवली, तर हा खाली स्तोत्रं म्हणत बसलेला. दोराने वर ओढून काढला.

पुढचा मुक्काम तेलानिसोस, अलेप्पोच्या वायव्येला डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथे एका झोपडीत ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस पूर्ण निर्जळी काढायचे ठरवले. दार मातीने लिंपून घ्यायचं होतं. बासस नावाचा धर्मगुरू म्हणाला, आत्महत्या म्हणजे पुण्य नव्हे. मग तडजोड झाली: दहा भाकऱ्या आणि पाण्याचा घडा आत ठेवायचा, गरज लागली तर घे. चाळीस दिवसांनी दार फोडलं. भाकऱ्या दहाच्या दहा, घडा भरलेला आणि सिमियोन निपचित. ओल्या स्पंजने तोंड पुसलं, प्रभुभोजन दिलं, मग तो थोडा पाला चावून उठला. पुढे दर वर्षी हेच. सुरुवातीच्या वर्षांत पहिले दिवस उभा, मग बसून, शेवटचे दिवस आडवा. खांबावर आडवं होता येईना तेव्हा काही काळ स्वतःला वाशाला बांधून घ्यायचा. नंतर तेही सोडलं.

झोपडीतून तो डोंगरमाथ्यावर गेला. गोल कुंपण घातलं, वीस हात लांबीची लोखंडी साखळी एका धोंड्याला आणि दुसरं टोक पायाला. मेलेतियस नावाचा धर्माधिकारी बघायला आला आणि म्हणाला, मन जाग्यावर असेल तर लोखंड कशाला? सिमियोनला पटलं. लोहार बोलावला. कडं पायाला काचू नये म्हणून खाली कातडं बांधलेलं होतं. ते उसवलं तर आत वीसेक टपोरे ढेकूण. मेलेतियसने हे थिओडोरेटला स्वतः सांगितलं आणि थिओडोरेटने लिहून ठेवलं. मनात आणलं असतं तर सिमियोन एका चिमटीत त्यांना चिरडू शकला असता, अशी थिओडोरेटची पुस्ती.

खांब आला तो यानंतर, आणि इथेच लोकांची गल्लत होते. खांब हा देहदंडाचा पुढचा अंक म्हणून आला नाही. लोक फार यायला लागले होते. आशीर्वाद म्हणून त्याला हात लावायचे, अंगावरच्या कातडी वस्त्राचे तुकडे ओढायचे. हा मान त्याला नको होता आणि त्या धक्काबुक्कीचा वीट आला होता. म्हणून वर चढला. आधी ६ हात, मग १२, मग २२, थिओडोरेट लिहीत होता तेव्हा ३६ हात. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर पाच मजली इमारतीएवढी उंची झाली. दर वेळी उंची वाढली आणि दर वेळी गर्दीही वाढली. लांबून दिसणार ना! इराणी, आर्मेनियन, यमनी यायचे. स्पेन, ब्रिटन, गॉलमधून माणसं यायची. रोममध्ये कारागिरांच्या दुकानांच्या दारात त्याच्या छोट्या प्रतिमा लावलेल्या असायच्या, रक्षणासाठी.

मला सर्वांत रस आहे तो त्याच्या दिनक्रमात. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत प्रार्थना. तीन वाजता तोंड खाली. आधी थोडं प्रवचन, मग ज्याचं जे असेल ते गाऱ्हाणं. आजारपणं, मूल होत नाही, सावकार छळतो, शेजाऱ्याने बांध सरकवला. भांडणं तो तिथल्या तिथे मिटवायचा. सिरियाक चरित्राबरोबर एका गावचं पत्र जपलेलं आहे, त्यात गावकरी त्याला वचन देतात की व्याज निम्म्या दराने घेऊ. सूर्य कलला की कामकाज बंद. पाचव्या शतकात उत्तर सिरियाच्या ऑलिव्ह पिकवणाऱ्या खेड्यांत पैसा होता, पण गावाबाहेरचा, कुणाचाही सोयरा नसलेला, लाच न घेणारा माणूस नव्हता. ज्याला खायलाच लागत नाही त्याला विकत कसं घेणार? पीटर ब्राउन या इतिहासकाराने १९७१ साली साधारण हेच मांडलं आणि तेव्हापासून या लोकांकडे बघायची अभ्यासकांची नजर बदलली. मला ते पटतं. उपास आणि जखमा हे त्या कचेरीचं भांडवल होतं.

३६-३७ वर्षं वर राहून ४५९ मध्ये तो गेला. प्रार्थनेत वाकला तो उठला नाही. अंतोनियसच्या चरित्रानुसार शिष्याने वर जाऊन पाहिलं, ओळखलं आणि खाली जमलेल्या लोकांना मुद्दाम सांगितलं नाही. दंगल झाली असती. गुपचूप अंत्युखिया या सिरियातल्या मोठ्या शहरी निरोप गेला. सेनापती अर्दाबुरियसच्या बंदोबस्तात मृतदेह शहरात नेला. सम्राट लिओला तो राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला हवा होता. अंत्युखियाच्या लोकांनी कळवलं: भूकंपाने आमचा तट पडलाय, हा देह आमचा तट म्हणून आणलाय, राहू द्या. राहिला.

---

चिंचगुळ

माहिती चांगली आहे, पण "भांडवल" वगैरे म्हणून आपण फार सभ्य होतोय का? ज्याला जखमेला औषध नको, अन्न नको, झोप नको, त्याला आज डॉक्टरकडे नेलं असतं. रोमचा इतिहास लिहिणाऱ्या गिबनने यथेच्छ टिंगल केली आहे ती काही उगाच नाही. आणि हे आकडे! चाळीस दिवस निर्जळी म्हणे. शरीरशास्त्राला विचारा.

---

पांथस्थ

@चिंचगुळ, चाळीस दिवस पाण्याशिवाय यावर मीही विश्वास ठेवत नाही. पण सगळे आकडे एकाच टोपलीत टाकू नका. थिओडोरेट सांगतो की प्रार्थनेत सिमियोन इतका वाकायचा की कपाळ पायाच्या बोटांना लागायचं. पोट आत गेलेलं, त्यामुळे जमायचं. थिओडोरेटबरोबरच्या एका माणसाने ही वाकणी मोजायला घेतली. १२४४ झाल्यावर त्याचं लक्ष उडालं आणि त्याने मोजणं सोडलं. रचून सांगणारा असता तर हजार किंवा दहा हजार म्हणाला असता.

वेडाच्या शंकेबद्दल: ती तेव्हाच्या लोकांनाही होती. थिओडोरेट बचावाच्या पवित्र्यातच लिहितो. यशया उघडा फिरला, यिर्मयाने मानेवर जू घेतलं, यहेज्केल कित्येक दिवस एकाच कुशीवर पडून राहिला, मग याच्यावरच का बोट ठेवता, असा त्याचा सूर आहे. इजिप्तमधल्या वाळवंटी साधूंना तर हा प्रकार अजिबात आवडला नव्हता. इव्हाग्रियस या इतिहासकाराने लिहिलंय की त्यांनी माणूस पाठवला: त्याला खाली उतरायला सांगा. नाही म्हणाला तर ओढून उतरवा, हो म्हणाला तर तिथेच राहू द्या. निरोप ऐकताच सिमियोनने उतरायला पाय पुढे केला. परीक्षा संपली. हट्टी वेडा आणि हा यांतला फरक त्यांच्या दृष्टीने एवढाच होता.

---

गोदाकाठ

आमच्याकडे सिंहस्थात खडेश्वरी बाबा बघितलेत. वर्षानुवर्षं उभे, झोपायचं ते झोपाळ्यावर छाती टेकून, पाय सुजून खांबासारखे. त्यांच्यापुढेही हीच रांग असते आणि प्रश्नही हेच, पोरीचं लग्न आणि जमिनीचा दावा. त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही.

पांथस्थ भाऊ, सिमियोनच्या पायांचं काय झालं? ते लिहिलं नाहीत.

---

पांथस्थ

एका पायाला जखम होती, सतत वाहणारी. तिच्यावरून एक प्रसंग आहे. एक माणूस आला आणि खालून ओरडला, "खरं सांगा, तुम्ही माणूस आहात की देहाविना कुणी?" बाकीचे चिडले. सिमियोनने शिडी लावायला सांगितली, त्याला वर बोलावलं, आधी हात बघायला लावले, मग अंगावरच्या वस्त्राखाली हात घालून पाय आणि ती जखम चाचपायला लावली. तो गृहस्थ हबकून खाली आला आणि थिओडोरेटला भेटून सगळं सांगून गेला.

आणि लोक किती अंगावर यायचे त्याचा अनुभव थिओडोरेटने स्वतः घेतला. इश्माएली अरबांची टोळी आली होती. सिमियोन वरून म्हणाला, या बिशपकडून आशीर्वाद घ्या, फळ मिळेल. झालं! पुढचे ओढतायत, मागचे ढकलतायत, लांबचे पुढच्यांच्या अंगावर चढून हात लांबवतायत, कुणी दाढी धरतंय, कुणी कपडे. सिमियोनने वरून दरडावून पांगवलं म्हणून वाचलो, नाहीतर गुदमरलो असतो, असं बिशपसाहेब लिहितात.

---

किल्लेबंदर

वसईकर म्हणून दोन शब्द. आमच्याकडे अंतोन, सेबास्त्याव, फ्रान्सिस झेवियर घरोघरी. सिमियोन स्टायलाइट मात्र प्रवचनात कधी ऐकला नाही, हा धागा वाचूनच कळला. घरातल्या जुन्या इंग्रजी संतचरित्रांच्या पुस्तकात बघितलं तर ५ जानेवारीला आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याचा सण १ सप्टेंबरला, म्हणजे त्यांच्या चर्चवर्षाच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे मान मोठा दिसतो.

उपवासकाळ आम्हीही पाळतो, पण फादर सांगतात, उपास करा आणि कामावरही जा. विहिरीतून ओढून काढणारे मठवाले मला जास्त जवळचे वाटले.

---

उंबरठा

सगळे पुरुष पुरुषांबद्दल बोलताय, म्हणून विचारते. त्या कुंपणाच्या आत बायकांना प्रवेश होता का?

---

पांथस्थ

नव्हता, ताई. थिओडोरेटने एका इश्माएली राणीची गोष्ट दिली आहे. मूल व्हावं म्हणून तिने माणसं पाठवून प्रार्थनेची विनंती केली. मुलगा झाल्यावर आभार मानायला आली, पण आत येता येईना, म्हणून बाळालाच आत पाठवलं.

त्याच्या आईचं त्याहून वाईट. हे अंतोनियसच्या चरित्रातलं आहे. खूप वर्षांनी तिला मुलाचा पत्ता लागला, भेटायला आली. त्याने निरोप दिला: आत्ता नको, देवाच्या घरी भेटू. ती रडली, विनवण्या केल्या, दाराशीच थांबली आणि तिथेच गेली. मग तिचा देह आत आणून खांबासमोर ठेवला. त्याने प्रार्थना केली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, असं चरित्रकार लिहितो.

---

उंबरठा

हसू उमटलं म्हणे. चरित्रकारालाही ते टोचलं असणार, म्हणून मेलेल्या बाईला हसवावं लागलं. इश्माएल्यांना दुपारी तीननंतर वेळ होता, आणि जन्म देणारीला परलोकातली तारीख! हा माणूस मला तरी आवडत नाही, कचेरी कितीही चांगली चालवलेली असो.

---

तिरफळ

उंबरठाताईंना +१. आणि दुसरी एक बाजू धाग्यात आलीच नाही. इव्हाग्रियस सांगतो की सम्राट थिओडोसियस दुसरा याने अंत्युखियाच्या ख्रिस्ती लोकांनी बळकावलेली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, ज्यूंना परत करायचा हुकूम दिला होता. सिमियोनने सम्राटाला खरमरीत पत्र लिहिलं आणि हुकूम मागे घेतला गेला. म्हणजे गरिबांचा कैवारी फक्त आपल्या गरिबांचा. खांबावरून सगळं दिसतं हे खरं नाही.

---

पांथस्थ

बरोबर आहे, ते यायला हवं होतं. उलट या उदाहरणाने त्याचं वजन कळतं. ज्याच्याकडे ना सैन्य ना पद, त्याच्या पत्राने सम्राट माघार घेतो. आणि ते वजन प्रत्येक वेळी दुबळ्याच्याच पारड्यात पडलं असं नाही. पुढे ख्रिस्ताच्या स्वरूपाचा वाद सोडवायला भरलेल्या खल्केदोनच्या धर्मसभेवरून चर्च दुभंगलं तेव्हा सम्राट लिओने त्याचंही मत मागवलं. इव्हाग्रियसच्या मते तो सभेच्या बाजूचा. सभा न मानणारं सिरियाक चर्चही त्याला आपलाच मानतं, आणि त्या परंपरेतून तो थेट केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांपर्यंत पोचलेला आहे.

---

घाटवाट

ती जागा मी पाहिली आहे. युद्धाच्या आधी कामानिमित्त अलेप्पोत होतो तेव्हा एका शुक्रवारी गेलो होतो. स्थानिक लोक कलात सिमान म्हणतात. सम्राट झेनोच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत बांधलेलं. मधे अष्टकोनी चौक, त्याच्या चार बाजूंना चार बॅसिलिका, म्हणजे लांबट चर्चं, वरून बघितलं तर क्रूस. चौकाच्या मध्यावर खांब असायला हवा, तिथे जोत्यावर एक ओबडधोबड धोंडा होता, माणसाहून थोडा उंच. दीड हजार वर्षं यात्रेकरूंनी खांब कणाकणाने फोडून घरी नेला. छतं कधीच पडलेली, पण कमानी शाबूत. खांबांच्या माथ्यावरची कोरीव पानं अशी वळवली आहेत की वाऱ्याने एका बाजूला उडाली आहेत असं वाटावं. मी बांधकामातला माणूस, त्या पानांपाशीच अर्धा तास गेला. खाली पायथ्याशी यात्रेकरूंच्या धर्मशाळांचे अवशेष आहेत, दगडी, दुमजली. गावाचा सगळा धंदा या एका खांबावर चाललेला.

२०११ मध्ये उत्तर सिरियातल्या या जुन्या खेड्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ती धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. २०१६ च्या बॉम्बफेकीत तो धोंडाही फुटला.

---

गोदाकाठ

आणि मृतदेह? अंत्युखियाचा तट झाला का त्याचा?

---

पांथस्थ

५२६ च्या भूकंपात अंत्युखिया उद्ध्वस्त झालं आणि ५४० मध्ये इराणच्या खुस्रोने ते जाळलं, तेव्हा तट म्हणून निकाल तुम्हीच लावा. इव्हाग्रियसने नंतरच्या काळात सिमियोनचं डोकं डोळ्यांनी पाहिलं होतं. कातडी सुकलेली, केस बऱ्यापैकी टिकलेले आणि काही दात गायब. भाविकांनी उपटून नेले होते.

---

चिंचगुळ

खांब फोडला, दात उपटले. बिचाऱ्याला वर जाऊनही सुटका नाही. :)

बरं, हे लोण युरोपात का पसरलं नाही? सगळे स्तंभवासी पूर्वेकडचेच दिसतात.

---

पांथस्थ

एकाने प्रयत्न केला होता. वुल्फिलाइक नावाचा लोम्बार्ड जमातीचा माणूस, आजच्या फ्रान्सच्या ईशान्येला, आर्देनच्या जंगलपट्ट्यात. तूरचा बिशप ग्रेगरी त्याला ५८५ मध्ये भेटला आणि त्याच्याच तोंडून ऐकलेलं लिहून ठेवलं. अनवाणी खांबावर उभा, हिवाळा इतका कडक की पायाची नखं गळून पडली आणि दाढीतून बर्फाच्या कांड्या लोंबायला लागल्या. तिथल्या लोकांची डायना देवीची मूर्ती त्याने सांगून सांगून पाडायला लावली. पण बिशप आले आणि म्हणाले, तू काही अंत्युखियाचा सिमियोन नव्हेस आणि इथली हवाही तशी नाही, उतर. तो उतरला. मग एका बिशपने त्याला कामाच्या निमित्ताने दूरच्या गावी बोलावलं आणि मागे पहारी-हातोडे देऊन गडी पाठवले. परत आला तर खांबाचे तुकडे. रडला, पण पुन्हा उभारला नाही. बिशपची आज्ञा मोडायची नव्हती.

पश्चिमेत बिशप जवळ असायचा आणि त्याला अशी स्वतंत्र कचेरी खपत नव्हती, असा माझा अंदाज. हवा हे निमित्त.

---

घाटवाट

पूर्वेत तरी जागामालक गप्प कसे बसायचे? कुणाच्या तरी जमिनीत खांब रोवायचा म्हणजे अतिक्रमणच की.

---

पांथस्थ

नाहीच बसायचे! सिमियोनला आदर्श मानणारा दानिएल कॉन्स्टँटिनोपलजवळ बॉस्फरसच्या काठी खांबावर चढला, तो ४९३ पर्यंत, तेहतीस वर्षं. पहिला खांब गेलानियस नावाच्या दरबारी माणसाच्या जमिनीत, न विचारता. गेलानियस भडकला, सम्राटापर्यंत तक्रार गेली, खाली उतर म्हणून दमदाटी झाली. बघ्यांची गर्दी पाहून गेलानियस नरमला, पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? मग ठरलं की दानिएलने शिडीवरून काही पायऱ्या उतरायच्या, म्हणजे मालकाचा शब्द राहिला. दानिएल उतरायला लागला, गेलानियसने त्याचे सुजलेले पाय बघितले, राहा म्हणाला आणि पुढे स्वतःच्या खर्चाने त्याला मोठा खांब उभा करून दिला.

---

तिरफळ

दानिएलवर वेगळा धागा काढाच. वाखूसा (वाचनखूण साठवली).